संधिवात आणि रक्ताचे नाते

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात पालक व विद्यार्थ्यांसमोर दिलेले व्याख्यान)





संमेलनाच्या व्यासपीठावर डॉक्टरला उभे केले, की तो बहुधा स्वच्छतेवर किंवा सकस आहारावर बोलतो. ते विषय महत्त्वाचे आहेत यात शंका नाही. परंतु आज मी मुद्दाम एक वेगळा विषय निवडला आहे. तो म्हणजे संधिवात. आणि त्यातही वैद्यकशास्त्रात ज्याला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात व आपल्याकडे काहीजण आमवात म्हणतात, तो संधिवात. निवडीचे कारण असे, की या आजाराची एखादी बाई तपासणीस आली, म्हणजे औषधांची चौकशी संपल्यावर तिच्याबरोबर आलेली आई किंवा सासू हळू आवाजात एक प्रश्न हमखास विचारते : "डॉक्टरसाहेब, हे रक्तातून येते का? पोरींना होईल का?" सोयरीक जुळविताना हाच प्रश्न पलीकडच्या बाजूने निघतो. पण तेथे उत्तराची वाट कोणी पाहत नाही. "त्या घरात वात आहे" एवढे कानावर आले, की पाय मागे घेतला जातो.

या प्रश्नावर गेल्या पन्नास वर्षांत शास्त्राने पुष्कळ प्रकाश टाकला आहे. त्याचे उत्तर नुसते 'होय' नाही आणि नुसते 'नाही' असेही नाही. म्हणूनच ते नीट समजून घेतले पाहिजे. ज्या घरात शिक्षण आहे त्या घराने तरी ऐकीव गोष्टीवर मुलीचे भवितव्य ठरवू नये, एवढीच माझी इच्छा आहे.

आजार कोणता?

प्रथम एक गैरसमज दूर करू. प्रत्येक सांधेदुखी म्हणजे हा आजार नव्हे. साठीनंतर गुडघे दुखतात ती बहुधा सांध्यांची झीज असते. चिकनगुनियाच्या तापानंतर महिनोन्‌महिने सांधे धरतात, तो प्रकार वेगळा. ऱ्हुमॅटॉइड संधिवाताची चाल निराळी असते. तो बहुधा हातापायांच्या लहान सांध्यांपासून सुरू होतो, आणि उजव्या व डाव्या दोन्ही बाजूंस होतो. बोटांची पेरे, मनगटे, पायांचे चवडे सुजतात. सकाळी उठल्यावर हात आखडलेले असतात. वुजूसाठी नळ फिरवता येत नाही, कणकेचा गोळा मळता येत नाही, कुर्त्याची गुंडी लागत नाही. आणि ही ताठरता पाच-दहा मिनिटांत जात नाही, तासभर किंवा त्याहूनही अधिक टिकते. त्याबरोबर अशक्तपणा, बारीक ताप आणि रक्त कमी होणे हेही असते.

हा म्हातारपणाचा आजार नव्हे. तो ऐन उमेदीत, तिशी-चाळिशीतही गाठतो, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत दोन ते तीन पट अधिक आढळतो. आपल्या देशात १९९३ साली डॉ. मालवीय व त्यांच्या सहकाऱ्यांनी हरियाणातील खेड्यांतून जी पाहणी प्रसिद्ध केली, तीत प्रौढांमध्ये याचे प्रमाण ०.७५ टक्के आढळले. म्हणजे हजार प्रौढांमागे सात-आठ. आपल्या महाराष्ट्रातही पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे डॉ. अरविंद चोपडा यांनी १९९६ पासून घरोघर जाऊन सांधेदुखीची पाहणी केली. हा आजार शहरी किंवा सुखवस्तू लोकांचाच आहे, ही समजूत अशा पाहण्यांमुळे टिकत नाही.

पहारेकऱ्यांची शाळा

आता हा आजार होतो कसा ते पाहू. आपल्या शरीरात रोगजंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी आहेत हे आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहे. त्यांतील एका प्रकाराला टी-पेशी म्हणतात. गावात रात्रीची गस्त घालणाऱ्या पहारेकऱ्यांसारख्या त्या शरीरभर फिरतात. परका दिसला, की शिट्टी फुंकून इतरांना गोळा करणे हे त्यांचे काम. परंतु पहारेकऱ्याला प्रथम एक गोष्ट शिकवावी लागते : घरचा कोण आणि परका कोण.

हे शिक्षण छातीच्या हाडामागे असलेल्या थायमस नावाच्या एका लहान ग्रंथीत मिळते. टी-पेशीच्या नावातील 'टी' हे अक्षर या थायमसवरूनच आले आहे. १९६१ पर्यंत ही ग्रंथी निरुपयोगी आहे असे पुष्कळ शास्त्रज्ञ मानीत. त्या वर्षी जॅक मिलर या संशोधकाने उंदरांवर प्रयोग करून दाखविले, की जन्मतःच थायमस काढून टाकला तर प्रतिकारशक्ती तयारच होत नाही. थायमस ही पेशींची शाळा आहे, आणि फार कडक शाळा आहे. येथे प्रत्येक टी-पेशीची परीक्षा होते. जी पेशी शरीराच्याच पदार्थांना शत्रू समजून जोराने प्रतिसाद देते ती नापास होते आणि तिचा नाश केला जातो. शाळेत दाखल होणाऱ्या पेशींपैकी अगदी थोड्याच बाहेर पडतात.

तरीही काही चुकार पेशी निसटतात. त्यांच्यावर नजर ठेवण्यासाठी शरीरात निराळ्या नियामक टी-पेशी असतात. त्यांचा शोध लावणारे जपानचे शिमोन साकागुची यांना अमेरिकेच्या मेरी ब्रुंको व फ्रेड रॅम्सडेल यांच्यासह २०२५ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. शाळेची परीक्षा आणि बाहेरची नजर या दोन्ही व्यवस्था ढिल्या पडल्या, की पहारेकरी आपल्याच घरावर उलटतात. ते सांध्याच्या आतील नाजूक अस्तरावर उलटले, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड संधिवात होतो. तेथे सूज येते, अस्तर जाड होते, आणि हळूहळू कूर्चा व हाड पोखरले जाते.

निरोप कसा पोहोचतो?

आता आपण विषयाच्या गाभ्याशी आलो. पहारेकऱ्याने परका पाहिला. पण पाहिल्याचा निरोप पेशीच्या आत मध्यभागापर्यंत पोहोचावा लागतो. पेशीच्या पृष्ठभागावर ओळख पटविणारा एक प्रथिनाचा भाग असतो, त्याला ग्राहक म्हणू. ग्राहकाला इशारा मिळाला, की आतील एक प्रथिन दुसऱ्याला फॉस्फेटचा एक ठिपका लावते. ठिपका लागला, की दुसरे जागे होते व तिसऱ्याला लावते. हातोहात निरोप पोहोचविणाऱ्या माणसांच्या रांगेसारखे हे आहे. या रांगेत लिक आणि झॅप-७० नावाची दोन महत्त्वाची प्रथिने आहेत. शेवटी निरोप पेशीच्या केंद्रकात पोहोचतो, तेथील जनुके कामाला लागतात आणि पेशी लढाईस उभी राहते.

पण निसर्गाने येथे एक सावधगिरी ठेवली आहे. आपल्या संस्थेच्या बँक-खात्यातून पैसे काढावयाचे तर धनादेशावर दोन सह्या लागतात, एकट्याची सही चालत नाही. टी-पेशीचेही तसेच आहे. ओळख पटली ही पहिली सही. दुसरी सही सीडी२८ नावाच्या वेगळ्या ग्राहकामार्फत मिळते. ती मिळाली नाही तर पेशी गप्प राहते. शिवाय काम झाल्यावर थांबविण्यासाठी ब्रेकही आहेत. सीटीएलए४ हा त्यांतील एक. तो दुसऱ्या सहीची जागाच अडवून बसतो. आणि लागलेले फॉस्फेटचे ठिपके पुसून टाकणारी प्रथिनेही आहेत, तो दुसरा ब्रेक.

ही सारी प्रथिने तयार करण्याच्या सूचना म्हणजेच जनुके. त्या आपल्याला निम्म्या आईकडून आणि निम्म्या वडिलांकडून मिळतात. छापखान्यात एखादे अक्षर बदलावे तसा कधी कधी सूचनेत बारीकसा फरक असतो. त्या फरकामुळे प्रथिन काम सोडत नाही. फक्त निरोप जरा जोरात जातो, किंवा ब्रेक जरा वेगळा लागतो. रक्ताचे नाते म्हणतात ते या आजारात अशा बारीक फरकांतून येते.

कोणती जनुके?

पहिला मोठा धागा अमेरिकेतील डॉ. पीटर स्टॅस्टनी यांनी १९७८ साली दाखविला. सहाव्या गुणसूत्रावरील एचएलए जनुकांपैकी डीआर४ नावाचा प्रकार या रुग्णांत अधिक आढळतो, असे त्यांनी प्रसिद्ध केले. एचएलए प्रथिन म्हणजे एक तबक समजा. पेशी आपल्याजवळील पदार्थांचे तुकडे या तबकात मांडून टी-पेशीसमोर धरते, आणि टी-पेशी ते पाहून घरचा की परका हे ठरविते. १९८७ साली ग्रेगरसन, सिल्व्हर आणि विंचेस्टर या तिघांनी दाखविले, की रुग्णांत आढळणारी तबके नावाने वेगवेगळी असली, तरी त्यांच्या एका ठिकाणची जडणघडण सारखीच आहे. हा भाग फक्त पाच अमिनो आम्लांचा, प्रथिनातील ७० ते ७४ या क्रमांकांचा. एवढ्याशा सारखेपणामुळे काही ठरावीक तुकडे तबकात घट्ट बसतात आणि टी-पेशींच्या नजरेस वारंवार पडतात. भारतीय रुग्णांच्या अभ्यासात डीआर४ च्या एका प्रकाराबरोबर डीआर१० हा प्रकारही पुढे आला. त्याच्यातही हीच पाच अक्षरांची खूण आहे.

दुसरा धागा २००४ साली मिळाला. अमेरिकेतील ॲन बेगोविच व त्यांच्या सहकाऱ्यांना पीटीपीएन२२ या जनुकातील एक बदल रुग्णांत अधिक आढळला. हे जनुक फॉस्फेटचे ठिपके पुसणारे एक प्रथिन बनविते, म्हणजे ब्रेकचेच काम करते. त्या प्रथिनातील ६२० व्या जागी आर्जिनिन नावाचे अमिनो आम्ल असावयाचे, तेथे ट्रिप्टोफॅन येते. एवढ्या एका बदलाने त्या ब्रेकचे शेजारच्या प्रथिनाशी असलेले जोडकाम बिघडते. हाच बदल लहान वयातील मधुमेहातही आढळला, आणि त्यामुळे एक मोठी गोष्ट लक्षात आली : शरीर स्वतःवरच उलटण्याचे आजार वेगवेगळ्या अवयवांत दिसले, तरी त्यांच्या मुळाशी काही जनुके समान आहेत.

तिसरा धागा २००७ सालचा, दुसऱ्या गुणसूत्रावरील स्टॅट४ या जनुकाचा. पेशी एकमेकींना रासायनिक निरोप पाठवितात. तो निरोप पेशीच्या दारातून आतील केंद्रकापर्यंत नेणारा जासूद म्हणजे स्टॅट४. त्याचा विशिष्ट प्रकार असलेल्यांना या संधिवाताचा आणि ल्युपस या दुसऱ्या आजाराचाही धोका थोडा वाढतो. पुढे २०१४ साली युकिनोरी ओकादा व अनेक देशांतील संशोधकांनी एक लाखाहून अधिक लोकांच्या जनुकांची तुलना करून या आजाराशी संबंधित १०१ जागा नोंदविल्या. त्यांपैकी कित्येक जागा अशाच निरोपाच्या रांगेतील प्रथिनांशी निगडित आहेत.

येथे विद्यार्थ्यांनी एक गोष्ट टिपून ठेवावी. पीटीपीएन२२ मधील तो बदल उत्तर युरोपातील लोकांत सर्रास आढळतो. परंतु जपान, कोरिया, चीन येथे तो जवळजवळ नाहीच, आणि आपल्या देशातही क्वचितच दिसतो. तरीही आजार मात्र या सर्व देशांत आहे. म्हणजे परदेशात लागलेला प्रत्येक शोध जसाच्या तसा आपल्याला लागू पडत नाही. दिल्ली विद्यापीठातील डॉ. थेल्मा यांच्या गटाने २०१३ साली उत्तर भारतातील रुग्णांचा संपूर्ण जनुकसंच तपासून एआरएल१५ नावाचे एक नवे जनुक पुढे आणले, ते यामुळेच महत्त्वाचे. आपल्या माणसांचे प्रश्न आपल्याच मुलामुलींनी सोडवावयाचे आहेत.

एका उंदराची कहाणी

जनुक असले म्हणजे आजार ठरलेलाच, असे अनेकांना वाटते. यावर जपानमधील एका प्रयोगाइतके चांगले उत्तर मला दुसरे सापडत नाही. वर उल्लेख केलेल्या साकागुची यांच्याच गटाने २००३ साली एका जातीच्या उंदरांची हकिगत प्रसिद्ध केली. या उंदरांच्या झॅप-७० जनुकात एका अक्षराचा बदल झाला होता, आणि त्यांना आपोआप संधिवात होत असे. त्यांचे सांधे सुजत, रक्तात माणसांतल्यासारखीच खूण दिसे.

आश्चर्य असे, की या बदलाने निरोप जोरात न जाता उलट कमजोर जात होता. मग आजार वाढावा कसा? उत्तर थायमसच्या शाळेत आहे. परीक्षेच्या वेळी पेशीला आतून जोराचा इशारा मिळाला, तरच ती "आपल्याच माणसांवर धावणारी" म्हणून पकडली जाते. इशारा कमजोर असल्याने धोकादायक पेशी सौम्य भासतात आणि उत्तीर्ण होऊन बाहेर पडतात. परीक्षकाची दृष्टी अधू असली, तर चुकीचा विद्यार्थी पास व्हावा, तसाच हा प्रकार.

पण कहाणी येथे संपत नाही. हेच उंदीर अतिशय स्वच्छ, जंतुविरहित पिंजऱ्यात वाढविले, तेव्हा त्यांना आजार होईना. त्यांना बुरशीच्या पेशीभित्तीतील पदार्थ टोचला, तेव्हा सांधे सुजले. जनुक तेच, शाळेतून सुटलेल्या पेशीही त्याच. तरी ठिणगी बाहेरून पडल्याखेरीज आग लागली नाही. माणसांच्या संधिवातात झॅप-७० चा असा बदल कारणीभूत असतो असे नव्हे. पण जनुक आणि परिस्थिती यांचे नाते या उंदरांनी स्वच्छ दाखवून दिले.

माणसांतील ठिणगी कोणती? तिच्यापैकी सर्वांत पक्की ठाऊक असलेली म्हणजे धूम्रपान. विडी-सिगारेटच्या धुराने फुप्फुसातील प्रथिनांत रासायनिक बदल होतो. त्यांतील आर्जिनिनचे सिट्रुलिन होते. हे बदललेले तुकडे त्या विशिष्ट तबकांत चांगले बसतात, आणि पहारेकरी त्यांना परके समजून प्रतिद्रव्ये तयार करवितात. २००६ साली स्वीडनमधील क्लारेस्कोग यांच्या गटाने दाखविले, की धूम्रपान करणाऱ्या आणि आई व वडील दोघांकडूनही ते तबक मिळालेल्या व्यक्तीत अशी प्रतिद्रव्ये असलेल्या संधिवाताचा धोका, दोन्ही गोष्टी नसलेल्या माणसाच्या मानाने, सुमारे २१ पट होता. जनुक आपण बदलू शकत नाही. विडी मात्र विझवू शकतो.

पोरींना होईल का?

आता मूळ प्रश्नाकडे येतो. एकाच गर्भापासून झालेल्या जुळ्या भावंडांची जनुके तंतोतंत सारखी असतात. हा आजार केवळ जनुकांनीच होत असता, तर एकीला झाल्यावर दुसरीला शंभर टक्के झाला असता. इंग्लंडमध्ये १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत अशा जुळ्यांपैकी एकाला आजार असताना दुसऱ्याला तो सुमारे १५ टक्के वेळाच आढळला. म्हणजे जनुके पूर्णपणे सारखी असूनही शंभरातील ८५ जणांना आजार नव्हता. वेगवेगळ्या गर्भापासून झालेल्या जुळ्यांत हे प्रमाण ४ टक्क्यांच्या आसपास होते. पहिल्या आकड्यापेक्षा दुसरा लहान आहे, यावरून जनुकांचा वाटा आहे हे सिद्ध होते. आणि पहिला आकडा शंभरापासून एवढा दूर आहे, यावरून जनुके म्हणजे नशिबाचा लेख नव्हे हेही सिद्ध होते.

सख्ख्या नात्यात, म्हणजे आई, बहीण किंवा मुलगी या नात्यात, धोका सर्वसाधारण माणसाच्या सुमारे तिप्पट असतो. 'तिप्पट' हा शब्द ऐकून दचकू नका. हजारात सात-आठांचे तिप्पट म्हणजे हजारात बावीस-चोवीस. म्हणजेच आईला हा आजार असलेल्या शंभर मुलींपैकी सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव जणींना तो होत नाही. ज्या शंभरातील सत्त्याण्णव मुली निरोगी राहणार आहेत त्यांना "वातवाल्या घरातील" म्हणून नाकारणे यात ना न्याय आहे, ना शास्त्र.

थॅलेसेमियासारख्या आजाराशी याची गल्लत करू नका. तेथे प्रश्न एकाच जनुकाचा असतो. वधू व वर दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्यास तो गंभीर आजार होण्याचा संभव चारात एक असतो. म्हणून लग्नापूर्वी, विशेषतः नात्यात लग्न करताना, रक्त तपासणे शहाणपणाचे. ऱ्हुमॅटॉइड संधिवातात शंभरावर जागा थोडा थोडा वाटा उचलतात. एका तपासणीने 'होईल' किंवा 'होणार नाही' असे सांगता येत नाही. त्यासाठी निरोगी मुलीच्या जनुकांच्या महागड्या तपासण्या करविणे हा पैशाचा अपव्यय आहे.

शोधातून औषध

जनुकांचा एवढा अभ्यास करून रुग्णांच्या पदरात काय पडले, असा प्रश्न कोणी विचारील. पुष्कळ पडले. निरोपाच्या रांगेत कोण कोठे उभा आहे हे कळल्यामुळे नेमक्या ठिकाणी रांग तोडता येऊ लागली. लंडनमध्ये मार्क फेल्डमन आणि आपल्या लुधियान्यात जन्मलेले रवींद्र मैनी यांनी टीएनएफ हा निरोप या आजारात मध्यवर्ती आहे हे दाखविले, आणि १९९२ साली तो अडविणारे औषध प्रथम रुग्णांना दिले. सीटीएलए४ या ब्रेकचीच नक्कल करून दुसरी सही अडविणारे अ‍ॅबॅटासेप्ट हे औषध अमेरिकेत २००५ साली मान्य झाले. स्टॅट प्रथिनांना जागे करणाऱ्या जॅक या प्रथिनांना रोखणारी टोफॅसिटिनिब ही गोळी २०१२ साली आली. ही औषधे प्रभावी आहेत, पण खर्चिक आहेत. आणि पहारा सैल करीत असल्याने जंतुसंसर्गाचा धोका वाढवितात. म्हणून ती सुरू करण्यापूर्वी क्षयरोगाची तपासणी आपल्या देशात विशेष आवश्यक आहे.

सुदैवाने बहुतेकांचा प्रारंभ एका जुन्या व स्वस्त औषधाने होतो. ते म्हणजे मेथोट्रेक्सेट. आंध्रातील भीमावरम येथे जन्मलेले डॉ. यल्लाप्रगडा सुब्बराव यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकेत १९४० च्या दशकात फॉलिक आम्लावर जे काम झाले, त्यातूनच या जातीची औषधे निघाली. याबाबत एक इशारा प्रत्येक घराने लक्षात ठेवावा : संधिवातासाठी हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते, रोज नाही. चुकून रोज घेतले तर ते जिवावर बेतते. वार ठरवा आणि पाकिटावर लिहून ठेवा. आठवड्याचे औषध असल्याने रमजानात ते इफ्तारनंतर घेता येते. रोजच्या इतर गोळ्यांच्या वेळा रमजान लागण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारून बदलून घ्याव्यात. मनाने औषध बंद करू नये. गर्भधारणेचा विचार असेल, तर तो आधीच सांगावा, कारण हे औषध गर्भाला घातक आहे आणि काही काळ अगोदर थांबवावे लागते. दिवस गेले म्हणून घाबरू नये; गर्भारपणात हा आजार पुष्कळ स्त्रियांत उलट सौम्य होतो, आणि बाळंतपणानंतर तो पुन्हा डोके वर काढू शकतो. तेव्हा बाळाबरोबर आईलाही तपासणीस न्यावे.

पालकांनी काय करावे?

या आजारात वेळ हेच धन आहे. सांध्यांची बरीचशी हानी पहिल्या दोन वर्षांत होते, आणि एकदा वाकडी झालेली बोटे औषधाने सरळ होत नाहीत. म्हणून लहान सांधे सुजून सहा आठवडे झाले, सकाळची ताठरता जात नसेल, तर थांबू नका. आपल्या घरांत बाई दुखणे सांगतच नाही. घरकाम उरकते, मुलांचे डबे भरते, आणि "थंडीने आखडले असेल" म्हणून दिवस काढते. घरातील पुरुषांनी आणि मोठ्या मुलांनी हे पाहावयाचे आहे. रक्तातील ऱ्हुमॅटॉइड घटक आणि सिट्रुलिनविरोधी प्रतिद्रव्ये यांची तपासणी, सोबत डॉक्टरांनी सांधे हाताने तपासणे, एवढ्याने बहुधा निदान होते.

गावोगाव पुड्या देणारे आढळतात. "तीन दिवसांत वात पळाला" असे लोक सांगतात, आणि खरोखर बरेही वाटते; कारण अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेले असल्याचे तपासणीत अनेकदा आढळले आहे. सूज तात्पुरती उतरते, आतून हाड पोखरले जातच असते, आणि वर मधुमेह, रक्तदाब व ठिसूळ हाडे यांची भर पडते. स्टिरॉइड हे वाईट औषध नव्हे, पण ते नावानिशी, मात्रेनिशी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली घ्यावयाचे असते.

आणि घरात विडी-सिगारेट असेल, तर ती बंद करण्यास आजचा दिवस चांगला आहे.

विद्यार्थी मित्रहो, शेवटचे दोन शब्द तुमच्यासाठी. स्टॅस्टनींच्या तबकापासून साकागुचींच्या उंदरापर्यंतची ही वाट चिकाटीने चालणाऱ्या माणसांनी घडविली आहे. उंदरांच्या एका पिंजऱ्यात काही जनावरे लंगडतात, हे पाहून "होत असेल" म्हणून पुढे जाणारे पुष्कळ असतात. थांबून "का?" असे विचारणारा एखादाच असतो. जीवशास्त्राबरोबर गणित आणि संख्याशास्त्र यांचाही कंटाळा करू नका. आज जनुकांचा अभ्यास त्यांच्याशिवाय एक पाऊल पुढे जात नाही. आणि माझ्या भगिनींनो, या आजाराच्या रुग्णांत तुमचीच संख्या मोठी आहे. त्याच्या संशोधकांतही ती मोठी व्हावी.

पालकहो, सोयरिकीच्या बैठकीत पुन्हा कोणी "त्या घरात वात आहे" असे म्हटले, तर आज ऐकलेला एकच आकडा त्यांना सांगा : शंभरातील सत्त्याण्णव. आणि त्या घरातील ज्या आईचे हात सकाळी आखडतात, तिच्याबद्दल कुजबुज करण्याऐवजी तिला दवाखान्यापर्यंत पोहोचवा. तिची बोटे वाचली, तर तिच्या मुलींचे शिक्षणही वाचेल. कारण आई अंथरुणाला खिळली, की घरकामासाठी शाळा सोडावी लागते ती बहुधा थोरल्या मुलीलाच.